जाताना घागर, येताना कौल

जांबोटीच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. शहात्तर-सत्त्याहत्तरच्या सुमाराला तिथं आग लागली, तर बेळगावचा बंब येईस्तोवर राखसुद्धा गार व्हायची. म्हणून वाडीनं आपली आगीची मंडळी उभी केली होती. बापये छपरावर चढायचे, बायका खालच्या विहिरीपासून रांग धरायच्या. रांग दुहेरी: एका बाजूनं भरल्या घागरी वर जायच्या, दुसरीनं रिकाम्या खाली यायच्या. मंडळीचा म्होरक्या मष्णू, आणि ओवी म्हणून हातांना ठेका देणारी त्याचीच बायको मालुबाई.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला मालुबाईच्या घरावर कौलं चढली होती. लग्न होऊन आल्यापासून दर पावसाळ्यात ती गळत्या गवती छपराखाली पातेली मांडत आली होती. खानापूरहून गाडीतून, भाताच्या पिंजराच्या मऊ थरात निजवून आणलेली ती लाल कौलं! सकाळी उठली की आधी अंगणात जाऊन वर बघायची. रांगेत तिच्या शेजारी उभी राहणारी तानीबाई म्हणायची, हिनं नवऱ्याला एवढं कधी बघितलं न्हाय.

चैत्रातल्या एका दुपारी शेजारच्या सिद्रामच्या गोठ्याला आग लागली. जनावरं रानात होती, हे नशीब. पण गोठ्याचं आढं मालुबाईच्या घराला जोडलेलं, आणि वाराही तिकडूनच. घागरी धावल्या, तरी जाळ आढ्यावरून सरकतच राहिला. मालुबाईच्या छपराचे त्या अंगाचे वासे तोडून त्याची वाट अडवायची, एवढंच उरलं. त्यासाठी वरची कौलं निघायला हवीत. मष्णूनं लांब आकडा उचलला. दोन ओढीत छप्पर खाली आलं असतं, आणि कौलांचा चुरा झाला असता.

"अवो, आकडा नगा लावू," मालुबाई म्हणाली. "हातानं काढा. आमी खाली घेतो."

"कोण घेणार? सगळ्यांचं हात घागरीत हाईत."

"परतीचं हात रिकाम्या घागरीत हाईत. त्या द्या उतारावर सोडून."

मष्णू घुटमळला. म्होरक्यानं आपल्याच छपरापायी वाडीच्या घागरी पणाला लावायच्या? तेवढ्यात तानीबाईनं हातातली माहेरची पितळी घागर उतारावर सोडली. ठणठणत, उड्या मारत ती विहिरीकडं निघाली.

"माझी गेली," तानीबाई म्हणाली. "आता तुमी काय ते बघा गं."

मग घागरींचा लोंढाच सुटला. मालुबाईनं ओवी बदलली:

जा रं पान्या चढनीनं, हातोहाती वर जा रं
ये रं कौला उतरनीनं, तान्ह्यावानी खाली ये रं

ठेका चुकला नाही. एका अंगानं पाणी चढलं, दुसऱ्या अंगानं कौलं उतरली. वासे तुटले. जाळ त्या मोकळ्या जागेशी येऊन अडला आणि पाण्याखाली हळूहळू बसला.

सिद्रामचा गोठा गेला. आठवड्याभरात नवा बांधून द्यायचं तिथंच ठरलं. वासे ठोकून संध्याकाळी कौलं पुन्हा चढायला लागली. अंगणात पोचे पडलेल्या घागरी आपापल्या मालकिणी शोधत होत्या. मालुबाईनं तानीबाईपुढं आपली शाबूत घागर धरली, म्हणाली, ही घे, तुझी मला राहू दे.

"आन् मग उद्या पान्याला जाताना डुलनारी घागर तू मिरवनार व्हय?" तानीबाईनं आपली काखेला मारली. "ठेव तुझी तुला."

वरून मष्णूनं विचारलं, धुरानं काळी झालेली कौलं मागच्या अंगाला लावू का?

"दारावर लावा," मालुबाई म्हणाली, आणि पुढचं कौल वर दिलं.