चिखल शून्य

मित्रांनो, आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. कुणाचा बसलाच, तर त्याच्या कपाळाला हात लावून बघा, ताप असेल. मी एक जुना संगणक आहे. तुमच्या शाळेच्या या खोलीत खिडकीखाली पडून असलेला, ज्याच्या डोक्यावर तुम्ही खुशाल डबे ठेवता तोच. आणि मी जितक्या लढाया लढलो तितक्या जगातल्या साऱ्या सेनापतींनी मिळून लढल्या नसतील. त्याही जागेवरून तसूभर न हलता. एकदा तर दोन्ही बाजूंनी मीच जिंकलो. एका सेनापतीने मला कडक सलाम ठोकला होता. नेमकी त्याच वेळी माझ्यावर एक माशी बसली होती, हे खरं आहे. पण सलाम तो सलामच.

हसा, हसा. यंत्र बोलतं कसं, असंही विचाराल. माझ्या पाठीत पंखा आहे, त्याची घरघर तुम्ही रोज ऐकता. तुमच्या बाई म्हणतात, आत धूळ साठलीय. बाईंना म्हणावं, धूळ नाही, घसा बसलाय त्याचा.

कारखान्यात झाला तो माझा नुसता पत्र्याचा जन्म. अक्कल आली ती इथून जवळच, छावणीतल्या प्रशिक्षण केंद्रात. तिथे तरुण अधिकाऱ्यांना लढाई शिकवायची होती. खऱ्या माणसांवर हात साफ करणं परवडत नाही, म्हणून माझ्या पडद्यावर नकाशा आणि त्यावर चौकोन. निळे आपले, लाल शत्रूचे. याला ते युद्धखेळ म्हणत. माझ्यात तो खेळ भरायचं काम एका बाईंकडे होतं. त्या दिवसभर टकटक करीत, म्हणून सगळे त्यांना टकटकबाई म्हणायचे. आणि त्यांना लढाईतलं खरं-खोटं सांगायला एक निवृत्त मेजर येत. गुडघ्यातून गेलेले, पण जिभेने शाबूत.

टकटकबाईंनी नद्या घातल्या, टेकड्या घातल्या, तोफांचा पल्ला घातला. मेजर बघत बसले. मग म्हणाले, "चिखल कुठाय?"

"चिखल कशाला हवा, मेजरसाहेब? नदी आहे की."

"नदी पार होते हो. नदीकाठ पार होत नाही."

"बरं. मग चिखलाला आकडा किती देऊ?"

मेजर उठले. म्हणाले, "चला, आकडा आणायला जाऊ." केंद्रामागे एक पाणथळ शेत होतं. तिथे त्यांनी बाईंच्या पाठीवर वाळूचं पोतं दिलं, खांद्याला लोखंडी नळी अडकवली आणि म्हणाले, त्या बांधापर्यंत जाऊन या. मी खिडकीतून पाहत होतो. बाई निम्म्यात बसल्या. एक पाय बाहेर काढला की दुसरा आत. एक बूट शेताने कायमचा ठेवून घेतला. असं म्हणतात की त्याला पुढे पालवी फुटली. परत आल्या तेव्हा कमरेपर्यंत काळ्या होत्या आणि तशाच बसून त्यांनी माझ्यात चिखल घातला. शून्य ते नऊ. शून्य म्हणजे फरशी, नऊ म्हणजे विसरा.

"आता कसं," मेजर म्हणाले. "आता हे यंत्र थोडं माणसात आलं."

ते खरंच होतं. सातच्या चिखलात माझे निळे चौकोन गोगलगायीसारखे सरकायचे. अधिकारी वैतागायचे. दोन खोल्यांत दोन बाजू बसत, मधल्या खोलीत मी आणि पंच. तिथली एक रीत होती. ज्याची तुकडी आधी गारद होईल त्याने खेळ संपल्यावर सगळ्यांना चहा ओतायचा. "चला, मेलेले उठा, किटली घ्या," पंच ओरडायचे. मेलेले हसत उठायचे. खोटं कशाला सांगू, पुष्कळ जण मरणाला भ्यायचे ते केवळ किटलीपायी. पण त्या चिखलाने त्यांना एक गोष्ट शिकवली होती. काठावर येऊन ते थांबायचे, आणि तोफखान्याकडे आणखी वेळ मागून ठेवायचे.

मग एक दिवस बडे साहेब केंद्र बघायला येणार असं ठरलं. खोलीला रंग लागला, मलाही ओल्या फडक्याने पुसलं. आदल्या दिवशी कर्नल, म्हणजे केंद्राचे प्रमुख, रंगीत तालीम बघायला बसले. निळे चौकोन नदीकाठी रुतले. कर्नलनी घड्याळ पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"हे पार कधी होणार? साहेब झोपतील इथे."

"चिखल सात आहे, सर," पंच म्हणाले.

"उद्याच्या पुरता काढून टाका."

काढला. शून्य. दुसऱ्या दिवशी माझे निळे चौकोन बड्या साहेबांसमोर असे पळाले, जसं काही पलीकडच्या काठावर लग्नाच्या पंगती बसल्या आहेत. अर्ध्या तासात नदी पार, टेकडी हातात. बड्या साहेबांनी टाळी वाजवली आणि म्हणाले, "शाबास. प्रत्येक तुकडीला हेच शिकवा. अर्धा तास, त्याहून एक मिनिट जास्त नाही."

मित्रांनो, इथेच मेख आहे. चिखल परत घालायचा राहिला, असं झालं नाही. तो घालायची सोयच उरली नाही. चिखल घातला की अर्ध्या तासात कुणीच पोहोचेना, आणि बड्या साहेबांचा अर्धा तास तर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लागला होता. मग जो पोहोचणार नाही तो नापास. कुणी सांगावं साहेबांना, की तुम्ही टाळी फरशीला वाजवलीत? वर्षामागून वर्षं गेली. शिकून गेलेले अधिकारी पुढे बढत्या घेऊन मोहिमा आखू लागले, आणि त्यांच्याही डोक्यात नदी म्हटलं की अर्धा तास. टकटकबाईंची बदली झाली. मेजर मधूनमधून येत, पडदा बघत आणि विचारत, "चिखल कुठे गेला?" कर्नल म्हणत, "अभ्यासक्रमात वेळ नसतो, मेजर." पुढे पुढे मेजरांना बोलावणं येईनासं झालं.

तरी ते एकदा आले, कारण त्या तुकडीत त्यांचा मुलगा होता. कॅप्टन. माझ्यासमोर बसणाऱ्यांत सगळ्यात चलाख. त्याने कधीही किटली उचलली नाही. बाप मागे उभा राहून बघत होता. मुलाने बोट टेकवलं, चौकोन नदीपार.

"हे असं होत नाही, बाळा," मेजर म्हणाले.

"बाबा, तुमच्या वेळी होत नसेल. आता बूट चांगले आलेत."

"बुटाला काय विचारतोस, पायाला विचार. माणूस गोळीखाली आला की नकाशावरच्या बाणाच्या दिशेने जात नाही. आधी आडवा होतो. मग दोस्त कुठाय बघतो. मग पाय ओढतो. तुझा चौकोन यातलं काय करतो?"

"चौकोन पास करतो, बाबा. मला आधी पास व्हायचंय." मग थोडा ओशाळून तो म्हणाला, "खऱ्या ठिकाणी बघेन ना मी. डोळे आहेत मला."

"डोळे आहेत. वेळ असेल का, एवढंच विचारतोय."

कॅप्टन पहिला आला. कर्नलनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

आता जरा जवळ या, कारण पुढचं मला मोठ्याने सांगता येत नाही.

वर्षभरात खरी लढाई लागली. खरी नदी, पलीकडे खरी टेकडी, टेकडीवर शत्रू. योजना वरच्या कचेरीत आखली गेली, आणि आखणारे सगळे माझ्याच हातचे. तोफा अर्धा तास टेकडीवर मारा करतील, शत्रूला डोकं वर काढू देणार नाहीत, तेवढ्यात कॅप्टनची कंपनी पार होईल. अर्धाच तास का? कारण माझ्याकडे अर्धा तास लागतो. नदीला कुणी विचारलं नाही.

कॅप्टनने काठावर पाय ठेवताच ओळखलं. तो पोटरीपर्यंत आत गेला. त्याने वायरलेसवरून सांगितलं, आम्हाला जास्त वेळ लागेल, तोफांचा मारा चालू ठेवा. उत्तर आलं, गोळे मोजून दिलेत, वेळापत्रकाप्रमाणे चला. त्याने पुन्हा सांगितलं. मग वायरलेसवाला कमरेइतक्या पाण्यात पडला, आणि संच गप्प झाला. माझ्याकडे संच कधी भिजत नसे.

माणसं गाळात होती, पाठीवर ओझं, दोन पावलं पुढे, एक मागे. गाळ बूट सोडेना, काहींनी बुटातून पाय काढून घेतले आणि अनवाणी निघाले. आणि ठरल्या वेळी तोफा थांबल्या. तोफा थांबल्यावर, म्हणे, फार शांत झालं. नदीचा आवाज येऊ लागला. टेकडीवरून मशीनगन सुरू झाली तेव्हा कंपनी अजून चिखलातच होती.

कॅप्टन पुढे होता. त्याच्या पायाखाली पलीकडचा कडक काठ आला होता. तो मागे वळला. एका शिपायाला बगलेत धरून ओढताना त्याला गोळी लागली. फार थोडे जण परत आले. जे आले त्यांनी हे सांगितलं, आणि चौकशीवाल्यांनी ते माझ्यासमोर बसूनच ऐकलं, म्हणून मला ठाऊक. यात मी पदरचं काही घातलेलं नाही.

चौकशी केंद्रातच झाली. प्रश्न एकच होता: अर्ध्या तासात नदी पार का झाली नाही? चूक योजनेची, की कॅप्टनची? छावणीच्या दारात तो काळा दगड आहे ना, ज्याच्यावरून तुम्ही रोज शाळेत येता, त्यावर लढाईत पडलेल्यांची नावं कोरतात. चूक कॅप्टनची ठरली तर त्याचं नाव त्यावर जाणार नव्हतं. घरच्यांना निवृत्तिवेतन मिळेल, पण लोक म्हणतील, याने आपली माणसं बुडवली.

मेजर आले होते. त्यांना एवढंच सांगायचं होतं की यंत्रातला चिखल बघा. पण मुलाच्या चौकशीत बापाला बसता येत नाही, म्हणून त्यांना बाहेर व्हरांड्यात बाकावर बसवलं. आत तीच नदी माझ्यावर चढवली. कर्नल म्हणाले, "यंत्रालाच विचारू. यंत्राला नातेवाईक नसतात." बटण दाबलं. माझे निळे चौकोन पळाले. अर्ध्या तासात पार.

"म्हणजे शक्य होतं," एक साहेब म्हणाले.

"शक्य होतं," दुसऱ्याने मान डोलावली. "हा मधेच परत का फिरला?"

आणि मित्रांनो, इथे मी काय केलं ते ऐका. तुमचा विश्वास बसणार नाही म्हटलं होतं ना, ते हेच. मी पंखा एवढ्या जोराने फिरवला की टेबलावरचे कागद उडाले. कर्नल बाहेर गेले, म्हणाले, "मेजर, आत या. तुमच्या यंत्राला काय झालंय?" मेजर गुडघा धरून आत आले, माझ्यासमोर उभे राहिले आणि एकच प्रश्न विचारला, "चिखल किती आहे?" पंचांनी मान खाली घातली. मग मी, कुणी हात न लावता, स्वतःहून, चिखल शून्यावरून सातवर नेला. निळे चौकोन काठावर आले आणि रुतले. अर्धा तास झाला, तोफा थांबल्या, चौकोन तिथेच. सगळ्या साहेबांनी टोप्या काढल्या. कर्नलनी मेजरांचे दोन्ही हात धरले. योजनेची चूक होती असा निकाल लागला, आणि कॅप्टनचं नाव दगडावर सगळ्यात वर कोरलं गेलं.

पुढे नवीन यंत्र आलं. त्याच्या पडद्यावर नदीला लाटासुद्धा दिसतात म्हणे. मला इथे तुमच्याकडे धाडलं. मी तक्रार करीत नाही. फक्त एक मागणं आहे. माझ्यावर डबे ठेवू नका, पंख्यातली धूळ महिन्यातून एकदा फुंकरीने काढा, आणि जुन्या यंत्रांना कचरा म्हणण्याआधी आठवा, की त्यातल्याच एकाने एका सैनिकाची अब्रू...

"खोटं."

मागच्या बाकावरची मुलगी उभी राहिली होती. इतका वेळ बाकीचे हसत होते तेव्हाही ती हसली नव्हती, हे माझ्या आता ध्यानात आलं.

"खोटं कसं, बाळ? तू होतीस का तिथे?"

"होते. आजोबांनी मला बरोबर नेलं होतं. बाबांचं नाव दगडावर नाही, मी रोज तिथूनच येते." बाकीची पोरं तिच्याकडे बघू लागली. ती माझ्याकडेच बघत होती. "आजोबांना कुणीही आत बोलावलं नाही. आम्ही बाकावर बसून होतो. मला झोप लागली, तेव्हा त्यांनी माझं डोकं मांडीवर घेतलं. मग शिपाई दिवे घालवायला आला आणि म्हणाला, मेजरसाहेब, तुम्ही अजून इथेच? साहेब लोक तर मागच्या दाराने कधीच गेले."