आधी लहान मूर्ती

प्रणितशेठने यंदाही जुनाच सूर लावला: दोनशे मूर्ती उचलतो, पण डिस्काउंट आधी द्या. पेणच्या कारखान्याचा मालक मोतीराम दरवर्षी मान डोलवायचा. शेठ पाडलेल्या भावात मोठ्या, देखण्या मूर्ती न्यायचा. लहान मूर्ती 'गाडीत जागा नाही' म्हणून मागे राहायच्या. चतुर्थी उलटल्यावर त्यांना कुत्रं विचारत नाही. भाव गेलेला आणि मालही अंगावर, असा हा शेठचा लाडका धंदा.

यंदा मोतीरामच्या सुनेने, नमिताने, पदर खोचला. ज्या दुकानातून ती रंग आणायची, त्या दुकानदाराला कंपनी रिबेट द्यायची. आधी पुरे पैसे, ठरलेला सगळा माल उचलला की मगच सूट परत. तिने शेठला फोनवर तेच सांगितलं. सूट ती सूट, आधी काय नि नंतर काय, असं म्हणून शेठ हसला. फरक त्याला पक्का ठाऊक होता, म्हणून तर हसला लबाड!

चतुर्थी तोंडावर आली तसा शेठ टेम्पो घेऊन हजर झाला. आत मूर्ती रंगून तयार होत्या, पण एकीलाही डोळे नव्हते. डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी होते, आणि या कारखान्यात ती नमिताच्याच हातची. बिनडोळ्यांचा गणपती कोण घरी नेणार?

शेठने आवाज चढवला, दुसरीकडे जातो म्हणाला. मोतीराम नमिताजवळ येऊन हळूच बोलला.

"हट्ट सोड गो. गिऱ्हाईक तुटंल."

"तुटूं दे, आबा. शेठ, माल सगळा न्यायची तयारी नाय, तर भाव कसला पाडता? पुरे पैसे आले की मी कुंचला उचलीन."

शेठने चार कारखान्यांना फोन लावले. इतका माल आता कुणाकडेच शिल्लक नव्हता. शेवटी तोंड वाकडं करून त्याने पुरे पैसे भरले, आणि रिबेट तरी आत्ताच द्या म्हणाला.

"शेवटची मूर्ती गाडीत चढली की," नमिता म्हणाली आणि आखणीला बसली.

आखणी उरकल्यावर टेम्पो परत आला. शेठचा माणूस सवयीने मोठ्या मूर्तीला हात घालायला गेला. मोतीराम उठून त्याच्या आडवा उभा राहिला. इतक्या वर्षांत शेठच्या माणसाला त्याने कधी नाही म्हटलं नव्हतं.

"आधी लहान," तो म्हणाला.