ओढ्याकाठच्या वस्तीची रेल-बस

मित्रांनो, सांगलीच्या यार्डात गवतात उभी असलेली, निम्मी बस आणि निम्मी आगगाडी दिसणारी गाडी पाहिलीत ना? ती मी, जुनी रेल-बस. कुणी विचारलं नाही तरी सांगते, कारण गप्प उभं राहणं माझ्या स्वभावातच नाही.

दक्षिणेकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. अंग बसचं, चाकं रुळांवरची, इंजिन पोटाखाली. तेव्हा सातारा-सांगली दरम्यान कामाला, कॉलेजला, बाजाराला जाणाऱ्यांसाठी रोजची नवी गाडी सुरू करायची होती. डब्यांची मोठी शटल आणावी की माझ्यासारखी हलकी गाडी, हे काही ठरेना. म्हणून १९९५च्या हिवाळ्यात मला चाचणीसाठी आणलं. जमलं तर कायमची, नाही तर यार्डात. माझा जीव सतत टांगणीला लागलेला असायचा.

लोकांनी मला एसटीच समजलं. रुळाच्या कडेला उभं राहून हात करायचे, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचे. कुठे थांबायचं ते चाचणीतच ठरणार होतं, म्हणून माझे ड्रायव्हर नाथाजी थांबायचे. ताकारीच्या पुढे ओढ्याकाठच्या वस्तीवर भामाबाई मेथीची पाटी घेऊन उभ्या असत. स्टेशन लांब, ओझं घेऊन चालून त्यांचे गुडघे पार गेले होते. चढताना त्या माझ्या पत्र्यावर थाप मारत.

"चल गं बाई, लय गुणाची हाईस!"

मग मला कधी एकदा निघते असं होई.

एके दिवशी नाथाजींनी वस्तीवर सांगितलं, "उद्या मोठं सायेब बसून बघणार हायती. गाडी ठिवायची का न्हाई, ते उद्याच ठरणार."

भामाबाई लगेच म्हणाल्या, "आवं, मग गाडी मोकळी दिसाय नगं. सायबाला गर्दी दावू की!"

पुढाऱ्याच्या सभेला जमवतात तशी त्यांनी माणसं जमवली. दुसऱ्या दिवशी सारी वस्ती, शेजारच्या वस्तीचे पाहुणे, पोती, पोरं आणि एक शेळीसुद्धा माझ्यात शिरली.

"बास झालं! हलकी गाडी हाय, झेपायची न्हाई!" नाथाजी ओरडले.

"सरका की रं गड्या आत!" मागून आवाज आला. आपण उतरलो तर गर्दी कमी दिसेल, अशी प्रत्येकाला धास्ती होती.

ओढ्यावरच्या पुलापुढच्या चढावर मी जिवाचं रान केलं. धूर सोडला, थरथरले आणि थांबले. साहेब खाली उतरले, घाम पुसला, गर्दीकडे पाहिलं.

"एवढी माणसं असतील तर इथे मोठी गाडीच हवी," ते म्हणाले.

आणि वस्तीने टाळ्या वाजवल्या! मला तर रडू कोसळलं असतं.

शटल थाटात सुरू झाली आणि मी इथे यार्डात आले. पण ती वस्तीवर थांबत नाही. तिला स्टेशन लागतं. भामाबाई पुन्हा पाटी घेऊन स्टेशनापर्यंत चालतात. सांगलीला उतरल्या की माझ्या पायरीवर टेकतात, गुडघे चोळतात.

"आमीच घात केला गं तुजा," असं एकदा म्हणाल्या.

मित्रांनो, माझा त्यांच्यावर राग नाही. पण आपल्या आवडत्या गोष्टीवर तिला झेपेल एवढाच भार टाका. ती धापा टाकू लागली, तर दुसऱ्याची वाट न पाहता आधी आपण उतरा. त्या दिवशी निम्मी माणसं उतरली असती, तर भामाबाई आज वस्तीच्या दारातच गाडीत चढल्या असत्या. त्या लंगडत बाजाराकडे निघतात, तेव्हा मला इथे क्षणभरही उभं राहवत नाही.