कुरवडीचे रायबागे

"अहो किसन, वर बघा! दिवे माझ्या डोक्यावर आहेत, टेबलावर नाहीत," डॉक्टर सुहासिनी रायबागे म्हणाल्या.

आखातातल्या खोर फक्कानच्या बंदरात अकरा वर्षं क्रेन चालवणारा किसन मान खाली घालून बसला होता. लाल दिवा लागला की पेडल दाबायचं, एवढीच परीक्षा. वीसपैकी चौदा दिवे त्याने चुकवले. क्रेनवाल्याचे नुसते हातपाय तपासू नका, चित्तही तपासा, असं या किनाऱ्यावर पहिल्यांदा सांगणाऱ्या मानसशास्त्राच्या बाई त्या. आता त्यांच्या सहीशिवाय कुणाला क्रेनवर चढता येत नव्हतं. पण दारावरच्या पाटीवर बाईंचं आडनाव वाचलं आणि किसनची मान जी खाली गेली, ती वर येईना.

कुरवडी म्हणजे किसनचं गाव, एके काळी रायबाग्यांची जहागीर. जहागीर गेली, पण सुंभ जळला तरी पीळ कुठे जातो! किसन सात वर्षांचा असताना त्याच्या बापाने, आबाने, पाण्याची पाळी मागताना धाकट्या सरकारांकडे सरळ पाहिलं. "डोळा वर करतोस?" म्हणत सरकारांनी चाबकाची मूठ आबाच्या उजव्या डोळ्यात घातली. एकदा नाही, तीनदा. पोरगं किंचाळलं, तेव्हा आईने, नर्मदाने, त्याचीच मान दाबून जमिनीला टेकवली. रायबागे समोर आला की मातीकडे बघायचं, ही कुरवडीची शिकवण. समुद्र ओलांडला तरी ती किसनच्या अंगातून गेली नव्हती.

संध्याकाळी कामगारांच्या कॅम्पच्या स्वयंपाकघरात मिथुनने त्याला गाठलं. मिथुन त्याच्याच खोलीतला, तोही क्रेनवाला, आणि जिभेला हाड नसलेला.

"काय किसनभाऊ, राणीसाहेबांनी नापास केलं म्हणं? मुजरा नीट घातला न्हाई का? बाप आंधळा, पोरगं बी..."

पुढचं त्याच्या तोंडातच राहिलं. किसनने हाताशी आलेला डाळीचा कुकर उचलून त्याच्या जबड्यावर हाणला. दोन दात डाळीत पडले. मिथुन कोसळला तरी किसन लाथा घालतच राहिला. बरगडी मोडल्याचा आवाज आला, तरी थांबेना. आपण मिथुनला मारतोय की धाकट्या सरकारांना, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. शेवटी कॅम्पबॉस रिझवानने चौघांना घेऊन त्याला मागे ओढलं.

"खलास, किसन, बस, खलास! मर जाएगा वो!"

मिथुनने इस्पितळात जिन्यावरून पडलो म्हणून सांगितलं, त्यामुळे पोलीस टळले. कंपनीपासून मात्र काय लपतं?

तिसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी बोलावलं. "त्या दिवशी वर का नाही बघितलंत?" त्यांनी विचारलं. किसनने फरशीकडे बघत सगळं सांगितलं. आबाचा डोळाही सांगितला.

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "अहो, माझे आजोबा कऱ्हाडला शाळामास्तर होते. कुरवडीच्या त्या घराण्याशी आमचा सुतराम संबंध नाही. आडनाव तेवढं एक."

किसनने हळूहळू मान वर केली. समोर चष्मा लावलेली, दमलेली, साधी बाई होती. नुसत्या आडनावाला आपण भ्यालो, आणि त्यापायी एका माणसाचं तोंड फोडलं! त्याला स्वतःचीच भयंकर लाज वाटली.

परीक्षा पुन्हा झाली. वीसपैकी वीस.

"मग सही करता न्हवं, मॅडम?"

"नाही करता येत, किसन. ज्याने माणसावर असा हात उचलला, त्याला माणसांच्या डोक्यावर तीस टनांचा कंटेनर घेऊन बसवायचं नाही. हा रूल मीच केलाय इथे. तुमच्यासाठी मोडला, तर उद्या..." बाईंनी समोरची फाईल मिटली. "सॉरी."

 डोळ्यांत आलेलं पाणी किसनने पुसलंही नाही.

"चांगला नियम हाय, मॅडम," तो म्हणाला. "मारणाऱ्याला उंचावर बसवायचं न्हाई. आमच्या गावात कुणी केला असता, तर आबाचा डोळा ऱ्हायला असता."

त्याने गळ्यातला क्रेनचा पास काढून टेबलावर ठेवला, आणि खाली कंटेनर बांधणारी माणसं सकाळी कुठे जमतात ते विचारलं.