सारजाबाईला मिळालेलं शेड

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. इंग्रजी आहे, पण तुम्ही मला परका मानत नाही, हा तुमचा मोठेपणा. माझं नाव शेड. चार खांब आणि वर छप्पर, भिंती असल्या तर असल्या, एवढाच माझा अर्थ. माझ्या जन्माविषयी कोशकार 'बहुधा' म्हणूनच सुरुवात करतात. त्यांच्या मते इंग्रजीत सावलीला जो शब्द आहे, त्याच्याच पोटी मी आलो. म्हणजे घराणं सावलीचं.

साहेबाबरोबर मी इकडे आलो. माझ्याखाली रेल्वेची इंजिनं विसावली. साहेब गेला, मी राहिलो. मुकुंदवाडीचे गॅरेजवाले, शेंद्र्याचे कारखानदार, कोंबड्या पाळणारे, सगळ्यांच्या तोंडी मी. 'छप्पर' म्हटलं की लोकांना गरिबी आठवते. 'शेड' म्हटलं की प्रगती झाली.

अशीच प्रगती शेंद्र्याजवळच्या एका गावात झाली. तिथं सारजाबाई शेळ्या राखायची. भोवतालचं रान कंपन्यांच्या कुंपणात गेलेलं. दुपारी शेळ्या बसवायला एकच जागा उरली होती, बसथांब्यावरचा लिंब, म्हणजे जुना कडुलिंब. तो होता म्हणून शेळ्या होत्या.

ग्रामसभेत ती उभी राहिली. "आप्पा, लिंबाखाली एक बाकडं टाका. गुडघं लई दुखत्यात."

सरपंच आप्पा दुखावलेच. "मागायचंच तर बाकडं मागती व्हय, मावशे? शेड देतो तुला, शेड! हायवेवरून दिसंल असं!"

टाळ्या पडल्या. सारजाबाईनंही वाजवल्या. घरी सुनेनं, सुरेखानं विचारलं, "काय झालं, आत्याबाई?"

"शेड मंजूर झालं आपल्याला."

इतक्या आदरानं माझं नाव साहेबानंही घेतलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात लिंब तोडला.

"आप्पा, ह्ये काय केलं?"

"मावशे, तेवढीच जागा सरकारी हाय. बाकी समदी कंपन्यांची. मंग शेड काय हवेत बांधू?"

युक्तिवाद बिनतोड होता. शेड उभं राहिलं. हायवेवरून आप्पांचा फोटो दिसावा म्हणून पुढचा पत्रा वर उचलला होता, त्यामुळं ऊन थेट आत येऊन बाकावर बसू लागलं. उद्घाटनाला वेगळा मंडप घालावा लागला, कारण शेडमध्ये ऊन लागत होतं. फोटोखाली लिहिलं होतं, 'येथे जनावरे आणू नयेत.'

सारजाबाई फोटोकडे बघत म्हणाली, "आप्पा, फोटू आजून मोठा काढायचा व्हता. शेरडं तरी मावली असती त्याच्या सावलीत."

लोक हसले. आप्पाही हसले. मोठ्या मनाचे आहेत.

त्या उन्हाळ्यात शेळ्या कंपनीच्या भिंतीला टेकल्या की वॉचमन हाकलायचा, शेडमध्ये शिरल्या की गाव हाकलायचं. एक गाभण शेळी रस्त्याकडेला तापून बसली, ती उठलीच नाही. त्या गुरुवारी सारजाबाईनं उरलेल्या सगळ्या टेम्पोत घातल्या आणि शहरातल्या छावणीच्या आठवडी बाजारात उभ्या केल्या.

"इत्ती अच्छी बकरियां, कायकू बेचते, मावशी?" गिऱ्हाईकानं विचारलं.

"बाबा, आमच्या गावात शेड झालंय," ती म्हणाली. गिऱ्हाईकाला काही कळलं नाही. त्यानं शेळ्या नेल्या.

परतीच्या बसमध्ये कंडक्टर ओरडला, "चला, शेड! शेडवाले उतरा!" पूर्वी याच ठिकाणी तो 'लिंब' म्हणून ओरडायचा. एखाद्या शब्दाला याहून मोठी बढती नाही. मोकळ्या दोऱ्या काखेत धरून सारजाबाई उतरली. बाकाला हात लावून पाहिला. चटका बसला, तशी ती न टेकताच घराकडे चालू लागली.

मित्रांनो, म्हातारपणी सगळेच म्हणतात, आमची निगा राखा. मी तसं म्हणणार नाही. माझी निगा उत्तम आहे. आप्पांचा फोटो दर वर्षी नवा लागतो. माझी विनंती एवढीच, मला गावात बोलावण्याआधी एकदा मान वर करून बघा. तिथं पानं हलत असतील, तर माझं नाव काढू नका.