फिकट पिवळी

“पिवळी आहे,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या. लंगोट खिडकीच्या उजेडात धरून त्यांनी पुन्हा पाहिला. “फिकट, पण पिवळीच.”

“मला तर पांढरी दिसते, सिस्टर. खडूसारखी,” बाळाची आई म्हणाली.

“आईच्या डोळ्यांना नको ते दिसतं गं.”

अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या या खोलीत शी दिव्याखाली बघायची नाही, खिडकीशी न्यायची, ही शिस्त मोठ्या सिस्टरांनीच लावली होती. पित्त आतड्यात उतरलं की शीला रंग येतो. वाट बंद असेल तर येत नाही आणि यकृत खराब होत जातं. हे बाळ एक्केचाळीस दिवसांचं होतं. शिरेतून दिलेल्या पोषणामुळे पित्त तुंबलं असेल, दुधावर आलं की रंग येईल, असा डॉक्टरांचा अंदाज होता. नोंदवहीत तीन दिवस ‘फिकट पिवळी’ होतं, म्हणून ते थांबले होते. वाट खरंच बंद असली, तर ऑपरेशन साठ दिवसांच्या आत व्हायला हवं होतं.

“सासूबाई म्हणतात, खुळ्यासारखी लंगोट काय बघत बसतेस,” आई म्हणाली. “पण डोळे पिवळे आणि शी पांढरी. याचा रंग भलत्याच जागी गेलाय.”

सिस्टर हसल्या. मग थांबल्या. त्यांनी खाटेवरच्या चादरीचं टोक उचललं.

“ही कशी दिसते?”

“पांढरी. आत्ताच तर बदलली.”

सिस्टरांनी आपली बाही चादरीला लावून पाहिली. दोन्ही पिवळट. गणवेश नीट धूत नाही म्हणून वर्षभर त्या धोब्याला बोलत होत्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला होता; त्याने पांढरंही पिवळट दिसू लागतं. निवृत्तीनंतर बघू, असं त्यांनी ठरवलं होतं. सात महिने उरले होते.

त्यांनी फोन उचलला. “सर, माझ्या तीन नोंदी चुकल्या आहेत. शी पांढरी आहे.”

“तुम्ही पाहिलीत?”

“मी नाही. आईने पाहिली.”

डॉक्टर आले, लंगोट पाहिला आणि मोठ्या रुग्णालयाला फोन लावला. दुपारी रुग्णवाहिका बाळाला आणि आईला घेऊन मोठ्या रुग्णालयाकडे गेली.

सिस्टरांनी तिन्ही नोंदींवर एकेक रेघ मारली, शेजारी सही केली. मग पुढच्या खाटेवरचा लंगोट घेऊन त्या खिडकीशी गेल्या आणि नव्या सिस्टरला हाक मारली.

“मी सांगू? तुम्हाला?”

“हो. तू रंग सांग. मी लिहिते.”