धाकटीची सायकल

माझ्या धाकट्या जावेकडं गिअरची सायकल आहे आणि माझ्याकडं तीन म्हशी. एवढं सांगितलं तरी निम्म्या बायकांना पुढची गोष्ट कळेल. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. माझं तर रोज सकाळी जळायचं.

अंकिता कुपवाडची. लग्न होऊन आमच्या घरात आली ती ट्रॅकपॅन्ट घेऊनच. तिचा नवरा, म्हणजे माझा दीर विश्वजीत, फौजेत आहे. मागच्या सुट्टीत त्यानं साताऱ्याहून तिच्यासाठी जाड टायरची डोंगरातली सायकल आणली. तेव्हापासून आमची धाकटी उजाडायला टोपी चढवून निघते. कॅनॉलच्या कडेकडेनं खिंडीपर्यंत, तिथून फॉरेस्टच्या झाडीतून डोंगरावरच्या देवळापर्यंत आणि परत. येते तेव्हा तोंड लालबुंद आणि अंगभर कुसळं.

"आक्का, आज मोर बघितला, अगदी समोर!" म्हणून मला सांगते. मोर म्हणे! मला उजाडल्यापासून म्हशीची शेपूट तेवढी दिसते.

सासूबाईंना आम्ही दोघी आत्या म्हणतो. त्यांचं आपलं एकच, "पोर एकली हाय, नवरा तिकडं लांब. रमू दे की मन." आणि माझं मन? माझा नवरा घरात आहे, म्हणजे ते रमलेलंच असणार. मी लोणंदहून या घरात आले तेव्हा बाजाराला पंजाबी ड्रेस घालू का, एवढं विचारलं तर याच आत्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नव्हत्या. आता धाकटी अर्ध्या चड्डीत डोंगर चढते आणि आत्या तिच्यासाठी शेंगदाण्याचा लाडू काढून ठेवतात. माझा तिळपापड होणार नाही तर काय होणार?

त्यात या हिवाळ्यात साताऱ्याच्या सायकलवाल्या मंडळींनी आमच्या गावात बायकांची शर्यत ठेवली. शाळेपासून डोंगरावर, झाडीतून खाली, मग कॅनॉलच्या रस्त्यानं परत शाळेत. सांगलीतल्या एका सरांनी अंकिताला चार महिने सरावाला बोलावलं होतं. आत्यांनी अट घातली, "पहिल्या तिघींत आलीस तर जा. न्हाईतर सायकल माळ्यावर, आन् धारा काढाय मोठीच्या बरुबर."

ती अट ऐकून मला काय वाटलं ते सांगून टाकते. ती हरावी असं वाटलं. ती सांगलीला गेली तर चार महिने सगळं घर माझ्याच गळ्यात. आणि परत आल्यावर तिचं कौतुक ऐकायचं ते वेगळंच.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी मंडळींनी सगळ्या वाटेवर पांढरी फक्की मारून खुणा केल्या आणि ते गेले. संध्याकाळी कॅनॉलला पाणी आलं, ठरल्यापेक्षा लवकर. पाणी आलं की आमच्याकडं माणसाला दुसरं काही सुचत नाही. ज्याचा ऊस वाळतोय तो कुदळ घेऊन धावतो आणि कॅनॉलचा रस्ता आडवा खणून पाईप टाकतो. आमच्या ह्यांनीही तेच केलं. जयराज म्हणजे माझा नवरा, चिखलानं भरून घरी आला आणि मला म्हणाला, "बाभळीच्या वळणावर चर मारलाय, चांगला मांडीएवढा. पाईप टाकून सकाळी बुजवतो."

बाभळीचं वळण म्हणजे जिथं झाडीतला उतार संपतो आणि कॅनॉलचा रस्ता लागतो ती जागा.

जेवताना अंकिता आत्यांना सांगत होती, "चढाला मी जरा कमी पडते. पण उतार संपला की कॅनॉलवर सगळ्यांना मागं टाकते बघा. तिथं मी ब्रेकला हातच लावत न्हाई."

हे जेवून केव्हाच घोरत होते. मी तव्यावरची भाकरी उलटली आणि गप्प बसले. तिचं फार वाईट व्हावं असं काही माझ्या मनात नव्हतं. आपटू दे, ढोपर फुटू दे, चार दिवस खाटेवर पडू दे, एवढंच. एकदा तरी तिला कळू दे की रस्ता सगळ्यांना सरळ नसतो.

सकाळी ती आत्यांना घेऊन शाळेवर गेली. हे मध्यरात्री उठून पहाटेपर्यंत उसाला पाणी पाजून आलेले, अजून पांघरुणात. मी विचारलं, "चर बुजवला का?"

"उठल्यावर," म्हणाले आणि कूस बदलली.

तेवढ्यात फळीवर ठेवलेला अंकिताचा फोन वाजला. विश्वजीतचा होता. उचलला.

"वहिनी, निघाली का ती?"

"केव्हाच."

"जरा सांगा की तिला. उतारावर ब्रेक लावत न्हाई ती. माझं कुठं ऐकती? तुमचं लय ऐकती. आक्का म्हनत्या तसंच करायचं, असं मला सांगत असती."

माझं ऐकते! फोन ठेवला तरी माझा हात फळीवरच राहिला. त्या चरात ती कशी पडेल हे मला एकदम दिसायला लागलं. ढोपर काय घेऊन बसलात, बाजूला कॅनॉल भरून चाललेला.

मी निघाले. रस्त्यानं लांब पडतं म्हणून सरळ उसात शिरले. उसाची पाती तोंडावर, हातावर सपासप लागत होती. पदर कुठं अडकला, केस कधी सुटले, कळलं नाही. एक चप्पल उसाच्या पाणी भरलेल्या सरीत रुतली ती तिथंच सोडली. बाभळीच्या वळणावर पोहोचले आणि चराच्या अलीकडं रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभी राहिले.

उतारावरून पहिली तीच आली. बाकीच्या मागं, बऱ्याच लांब. सायकलवर अशी बसली होती की, काय सांगू, क्षणभर मी हात हलवायचं विसरले. मग ओरडले, "थांब! अंकिता, थांब!"

तिनं मला बघितलं. करकचून ब्रेक दाबले, सायकल आडवी घसरली, आणि ती सायकल टाकून माझ्याकडं धावत आली. तिचं तोंड पांढरंफटक पडलेलं. माझे दोन्ही दंड धरून ती मला हलवायला लागली.

"आक्का, ह्यांचं काय झालं? फोन आला का? सांगा की! ह्यांचं काय झालं?"

मला आधी समजेचना. मग समजलं. आमच्या गावात घराघरातला एक जण फौजेत आहे. थोरली जाऊ केस मोकळे सोडून, एका पायात चप्पल घालून, तोंडावर रक्ताचे ओरखडे घेऊन समोर आली, तर फौजीच्या बायकोनं दुसरं काय समजायचं?

"काय न्हाई झालं गं! चांगला हाय तो. आत्ताच बोलले मी. पुढं चर हाय, चर, म्हणून आले."

"शपथ घ्या."

"तुझी शपथ."

ती मटकन रस्त्यावर बसली. मी सायकल उचलून आणली, म्हटलं, "चढ, ऊठ, त्या आल्या बघ." तिला उठताच येईना. मागच्या बायका आल्या, चर बघून थबकल्या, सायकली खांद्यावर घेऊन पलीकडं गेल्या. चौघी गेल्या तेव्हा कुठं अंकिता उभी राहिली.

ती पाचवी आली. आणि सत्कार कुणाचा झाला असेल? माझा! मंडळींनी शाल घातली, नारळ दिला, माईकवर सांगितलं की या वहिनींनी सगळ्या मुलींना वाचवलं. सगळ्यांत जोरात टाळ्या अंकितानं वाजवल्या. इतकी वर्षं ज्या कौतुकासाठी मी तोंड वाकडं केलं ते खांद्यावर पडलं, तर ती शाल मला नुसती टोचत होती.

दुपारी घरी आल्यावर आत्या म्हणाल्या, "थोरलीनं नाव काढलं. पन अट ती अट. जयराज, सायकल टाक माळ्यावर."

मला राहवलं नाही. "आत्या, मला चराचं कालच ठावं हुतं. ह्यांनी सांगितलं हुतं. मीच बोलले न्हाई."

"का गं?"

"बघवत न्हवतं मला तिचं."

हे खाली बघायला लागले. आत्या अंकिताकडं वळून म्हणाल्या, "तू जा सांगलीला. चारी महिनं सगळ्या धारा ही काढंल."

मी मान हलवली. मला ते मान्य होतं. पण अंकिता सायकलच्या सीटवरची धूळ पुसत म्हणाली, "न्हाई आत्या. आक्कांना तसं समोर बघितलं तवा मी देवाला बोलून बसले. ह्यांना सुखरूप ठेव, सायकलला परत हात लावणार न्हाई, असं. देवानं ऐकलं. आता माघार कशी घिऊ?"

आत्यांनी समजावलं, मी हात जोडले. म्हटलं, नवस आपण दुसरं काही देऊन फेडू, मी उपास धरते. तर म्हणाली, "ज्याचं त्यानं फेडायचं असतं आक्का." तिनं स्वतःच सायकल माळ्यावर चढवली. ह्यांनी खालून नुसता हात लावला.

संध्याकाळी विश्वजीतचा फोन आला. मी चुलीपाशी होते, ती दारात. त्याला काहीच सांगितलं नाही तिनं. हसत म्हणाली, "कंटाळा आला मला सायकलचा. बास झालं. तुमी जेवला का?"

आता ती माझ्या शेजारी बसून धारा काढते. टोपी नाही, मोर नाही, सांगली नाही. मला हवं होतं ते सगळं झालं. माझा नवरा रोज माझ्या समोर जेवतो, माझ्या घरात झोपतो, आणि त्याच्यासाठी मी काय सोडलं असतं याचा विचार मी हल्ली धारा काढताना करते. काही सुचत नाही. मग मी तिच्याकडं बघते आणि पहिल्यापेक्षा जास्त जळते.